पॉझिटिव्ह आल्यावर काय करणार? बुरशीजन्य न्युमोनियाच्या जलद चाचण्यांची पारख

बुरशीजन्य न्युमोनियासाठी नवे पीसीआर किट, म्हणजे नमुन्यात बुरशीचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीचा संच, आले की माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत असते: ‘निकाल दोन तासांत’. हे दोन तास यंत्राचे. रुग्णाचा वेळ ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी, करायची असे ठरते तिथून सुरू होतो. मग रक्तविकारामुळे घटलेल्या प्लेटलेट पुरेशा वाढेपर्यंत थांबणे, नमुना प्रयोगशाळेपर्यंत पोहोचणे, त्यातून डीएनए वेगळा काढणे, आणि सर्वांत जास्त वेळ खाते ती रनची, म्हणजे जमलेले नमुने एकत्र यंत्रात लावण्याची, वाट. आठवड्यातून दोनदाच रन लावणाऱ्या प्रयोगशाळेत सोमवारी दुपारी आलेला नमुना गुरुवारपर्यंत फ्रिजमध्ये पडून राहतो आणि दोन तासांची चाचणी तीन दिवसांची होते. वेळ मोजायचाच असेल तर नमुना घेतल्यापासून औषध सुरू किंवा बंद होईपर्यंतचा मोजायला हवा, आणि तोही सुट्टीचे दिवस धरून.

पण वेळ हा यातला सोपा भाग. आमचा मुख्य मुद्दा वेगळा आहे. ‘ही चाचणी किती अचूक?’ एवढे विचारून या चाचण्यांची पारख होत नाही. कोणत्या बुरशीसाठी, कोणत्या रुग्णात, कोणत्या नमुन्यावर आणि कोणता निर्णय बदलण्यासाठी, या चार गोष्टी आधी लिहून काढल्याशिवाय मूल्यमापनाला सुरुवातच होत नाही. या चार गोष्टी न सांगता दिलेला अचूकतेचा आकडा खरेदी समित्यांनी आणि मान्यता देणाऱ्या संस्थांनी स्वीकारू नये.

या चाचण्यांची गरज आहे याबद्दल दुमत नाही. इथे तीन बुरशींचा विचार आहे: अ‍ॅस्परजिलस, न्यूमोसिस्टिस आणि म्युकर. अ‍ॅस्परजिलसचे कल्चर, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून पाहण्याची चाचणी, अनेकदा निगेटिव्ह येते आणि आले तरी दिवस लागतात. न्यूमोसिस्टिस नेहमीच्या कल्चरमध्ये वाढतच नाही. म्युकर गटातल्या बुरशींच्या तंतूंना आडवे पडदे जवळजवळ नसतात, त्यामुळे ऊतीचा तुकडा कुटला की तंतू फुटून मरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेली बुरशी कल्चरमध्ये येत नाही. शिवाय बुरशीच्या पेशीभिंतीतले घटक रक्तात शोधणाऱ्या चाचण्यांपैकी गॅलॅक्टोमॅननला म्युकर दिसत नाही, बीटा-डी-ग्लुकनलाही जवळजवळ नाही. बायॉप्सी हा खात्रीचा मार्ग, पण प्लेटलेट वीस हजारांवर आलेल्या माणसाच्या फुप्फुसात सुई घालायला कोण धजावेल?

तरीही २००८ साली आक्रमक बुरशीजन्य आजारांच्या आंतरराष्ट्रीय व्याख्या सुधारल्या गेल्या तेव्हा पीसीआरला त्यांत जागा मिळाली नाही. प्रत्येक प्रयोगशाळेची पद्धत वेगळी होती आणि एकीचा निकाल दुसरीशी ताडून पाहता येत नव्हता. अ‍ॅस्परजिलस पीसीआरचे प्रमाणीकरण करण्यासाठी २००६ मध्ये युरोपात सुरू झालेल्या गटाने बरीच वर्षे तेच नमुने वेगवेगळ्या प्रयोगशाळांना पाठवून चुका कुठे होतात ते शोधले. त्यानंतर २०२० च्या व्याख्यांत पीसीआर आली, पण अटींसह: रक्ताच्या लागोपाठ दोन किंवा अधिक नमुन्यांत पॉझिटिव्ह, किंवा फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवाची, म्हणजे बीएएलची, दुहेरी चाचणी पॉझिटिव्ह, किंवा रक्तात एकदा आणि बीएएलमध्ये एकदा. किट विकताना या अटी बारीक अक्षरांत जातात. आमच्या मते सगळी पारख तिथेच दडलेली आहे.

का, ते आकड्यांत पाहू. जास्त जोखमीच्या रुग्णांच्या रक्तावर केलेल्या अ‍ॅस्परजिलस पीसीआरचा २०१९ चा कॉक्रेन आढावा, म्हणजे आधीच्या अभ्यासांचा एकत्रित ताळा, सांगतो की एका पॉझिटिव्हवर विसंबले तर संवेदनशीलता, म्हणजे आजारी माणसांपैकी पकडले गेलेले, सुमारे ७९ टक्के आणि विशिष्टता, म्हणजे आजार नसलेल्यांपैकी बरोबर निगेटिव्ह आलेले, सुमारे ८० टक्के. लागोपाठ दोन पॉझिटिव्हची अट घातली की संवेदनशीलता ६० पर्यंत उतरते आणि विशिष्टता ९५ पर्यंत चढते. आता असे १००० रुग्ण घ्या, ज्यांच्यापैकी ५ टक्के, म्हणजे ५० जणांना खरोखर अ‍ॅस्परजिलोसिस आहे. सोयीसाठी दोन्ही आकडे ८० धरू. एका पॉझिटिव्हच्या नियमाने ४० जण सापडतात, पण उरलेल्या ९५० पैकी १९० जणही पॉझिटिव्ह येतात. म्हणजे २३० पॉझिटिव्हपैकी खरे ४०, जेमतेम १७ टक्के. निगेटिव्ह आलेल्या ७७० मध्ये मात्र सुटलेले फक्त १०. दोन पॉझिटिव्हच्या नियमाने ३० सापडतात, २० सुटतात, आणि पॉझिटिव्हपैकी खरे सुमारे ३९ टक्के होतात. हीच चाचणी, हेच यंत्र, हीच प्रयोगशाळा. पण रुग्ण असे निवडले की त्यांच्यात आजाराचे प्रमाण २० टक्के आहे (सीटी स्कॅनवर संशयास्पद गाठी दिसलेले, समजा), तर एका पॉझिटिव्हचा अर्थ १७ वरून ५० टक्क्यांवर जातो. निगेटिव्हचा भरवसाही बदलतो: आता निगेटिव्ह आलेल्यांतले जवळपास ६ टक्के आजारी निघतात.

म्हणून रक्तावरच्या अ‍ॅस्परजिलस पीसीआरची खरी ताकद निगेटिव्ह निकालात आहे. आठवड्यातून दोनदा रक्त तपासत राहावे, निगेटिव्ह येत राहील तोवर अंदाजाने बुरशीविरोधी औषध सुरू करू नये, आणि पॉझिटिव्ह आले तर औषधाआधी सीटी स्कॅन व बीएएलकडे जावे. ऑस्ट्रेलियात २४० रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक अभ्यासात, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी रुग्णांची गटांत वाटणी करून केलेल्या तुलनेत, गॅलॅक्टोमॅनन व पीसीआर यांच्या जोडीवर चालणाऱ्या गटात अंदाजाने औषध मिळालेले रुग्ण १५ टक्के होते, तर कल्चर आणि ऊतिपरीक्षेवर चालणाऱ्या गटात ३२ टक्के. मृत्युदरात फरक दिसला नाही. आम्हाला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने चाचणीची अचूकता मोजण्यावर न थांबता चाचणीमुळे काय बदलले ते मोजले. अशा अभ्यासांची संख्या अचूकतेच्या अभ्यासांच्या मानाने फार थोडी आहे आणि ही या क्षेत्राची सर्वांत मोठी उणीव आहे.

मात्र रुग्ण आधीच पोसॅकोनॅझोलसारखे प्रतिबंधक औषध घेत असेल तर हे गणित कोलमडते. आजाराचे प्रमाण घटलेले असते, त्यामुळे पॉझिटिव्ह बहुधा खोटे; आणि औषधामुळे रक्तातला बुरशीचा डीएनए कमी झालेला असतो, त्यामुळे निगेटिव्हही कमकुवत. अशा रुग्णांना सरसकट तपासत राहण्यात अर्थ नाही. लक्षणे किंवा स्कॅनमधला बदल दिसला तरच चाचणी करावी.

म्युकरच्या बाबतीत पारडे उलट्या बाजूला झुकते. इथे पॉझिटिव्ह निकालालाच वजन आहे. अ‍ॅस्परजिलसचे नेहमीचे औषध व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही, म्हणजे अ‍ॅस्परजिलस समजून सुरू केलेले उपचार वाया जातात. म्युकर झालेल्या रक्तविकारांच्या ७० रुग्णांच्या २००८ मधल्या एका अभ्यासात निदानानंतर सहा किंवा अधिक दिवसांनी म्युकरवर चालणारे अ‍ॅम्फोटेरिसिन सुरू झालेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के बारा आठवड्यांत दगावले. लवकर सुरू झालेल्यांत हे प्रमाण ४९ टक्के होते. फ्रान्समधल्या २०२२ च्या बहुकेंद्री अभ्यासात सीरमवरच्या, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवावरच्या, म्युकर पीसीआरची संवेदनशीलता सुमारे ८५ टक्के आणि विशिष्टता सुमारे ९० टक्के निघाली, आणि प्रयोगशाळेतला इतर पुरावा मिळण्याच्या मध्यमानाने चार दिवस आधी ती पॉझिटिव्ह होत होती. हे चार दिवस म्हणजे जगणे आणि मरणे यांतले अंतर असू शकते. इथे दहा टक्के खोटे पॉझिटिव्ह आम्ही पत्करू, अर्थात सीटी स्कॅनवर संशय असलेल्या रुग्णातच.

न्यूमोसिस्टिसचा प्रश्न तिसऱ्याच प्रकारचा. इथे डीएनए सापडतो हे बहुतेक वेळा खरेच असते, पण त्याने आजार ठरत नाही. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या, स्टेरॉइड घेणाऱ्या किंवा जुनाट फुप्फुसविकार असलेल्या माणसांच्या श्वसनमार्गात ही बुरशी त्रास न देता नुसती मुक्कामाला असू शकते. बीएएलची पीसीआर निगेटिव्ह आली तर न्यूमोसिस्टिस जवळजवळ बाद करता येतो. मग त्यावरचे औषध, ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल, थांबवता येते, आणि हा फायदा लहान नाही: ट्रायमेथोप्रिम दर किलोमागे दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम अशा मात्रेने तीन आठवडे दिले तर अस्थिमज्जा दबते, पोटॅशियम वाढते, अंगावर पुरळ येते. पॉझिटिव्ह आली तर डीएनए किती, हा प्रश्न येतो. भरपूर असेल तर उपचार, अगदी थोडा असेल तर बहुधा मुक्काम, आणि मधला पट्टा धूसर. हा पट्टा एचआयव्हीच्या रुग्णांत आणि इतरांत सारखा नसतो. एचआयव्हीमध्ये बुरशीचा भार मोठा असतो. अवयव प्रत्यारोपण किंवा कर्करोगाच्या रुग्णांत भार थोडा असूनही आजार झपाट्याने वाढतो. एका गटावर ठरवलेली सीमारेषा दुसऱ्या गटाला लावली तर नेमके जास्त धोक्यातले रुग्ण ‘नुसता मुक्काम’ म्हणून परत पाठवले जातात. धूसर पट्ट्यात सीरमची बीटा-डी-ग्लुकन चाचणी जोडीला घेणे हा आज हाताशी असलेला सर्वांत शहाणा उपाय आहे.

आणि हे ‘किती’ ठरवणे फसवे असते. बीएएलसाठी १०० ते २०० मिलिलिटर सलाइन सोडले जाते, त्यातले परत किती येते ते रुग्णागणिक बदलते. ३० टक्क्यांहून कमी परत आले तर नमुनाच कमी प्रतीचा मानतात. अशा दोन द्रवांतल्या पीसीआरच्या सीक्यू आकड्यांची, म्हणजे कितव्या आवर्तनाला खूण उमटली त्यांची, तुलना करणे म्हणजे वेगवेगळे पाणी घातलेल्या दोन सरबतांची गोडी ताडण्यासारखे आहे. मानवी जनुक सोबत मोजून पेशी किती आल्या ते तपासणे हा अर्धा उपाय. दुसरी गोम जनुकाच्या निवडीत आहे. मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाच्या प्रती एका पेशीत पुष्कळ असतात, त्यामुळे संवेदनशीलता वाढते; पण एका किटची ‘३३’ आणि दुसऱ्या किटची ‘३३’ यांत काही संबंध उरत नाही. परक्या अभ्यासातली सीमारेषा आपल्या किटला लावणे ही आम्हाला सर्वाधिक आढळणारी चूक आहे.

आता अभ्यासांकडे. अचूकतेचा आकडा फुगवण्याचे मार्ग ठरलेले आहेत आणि ते सगळे मुद्दाम केलेले नसतात. सिद्ध झालेले रुग्ण एका बाजूला आणि निरोगी रक्तदाते दुसऱ्या बाजूला घेतले की विशिष्टता ९९ टक्के येते, कारण रक्तदात्याला न्युमोनिया नसतो, त्याच्या श्वासनलिकेत अ‍ॅस्परजिलस बसलेला नसतो. खरी तुलना जिवाणूजन्य न्युमोनियाशी, विषाणूशी, फुप्फुसात पसरलेल्या कर्करोगाशी हवी. दवाखान्यात ज्यांच्याबद्दल शंका येते त्यांच्याशी. म्हणून संशय आलेला प्रत्येक रुग्ण ओळीने घ्यावा, निवडून नव्हे. ‘संभाव्य’ गटातल्या, म्हणजे पुरावा अपुरा असलेल्या, शंकास्पद रुग्णांना विश्लेषणातून वगळले की उरतात फक्त सोपे रुग्ण, आणि मग संवेदनशीलता व विशिष्टता दोन्ही सुधारतात. सीमारेषा त्याच नमुन्यांवरून शोधली आणि त्याच नमुन्यांवर तपासली तर निकाल छान येणारच. ती आधी जाहीर करून नव्या रुग्णांवर तपासली पाहिजे. २० सिद्ध रुग्णांपैकी १८ पॉझिटिव्ह आले की ‘९० टक्के’ छापले जाते, पण एवढ्या थोड्या संख्येवर खरी संवेदनशीलता साधारण ६८ ते ९९ टक्क्यांत कुठेही असू शकते. आणि चाचणी फसलेले, पीसीआर रोखणाऱ्या घटकांमुळे निकालच न आलेले नमुने गुपचूप गाळले जातात. शंभरातले आठ नमुने असे असतील तर त्या आठ रुग्णांसाठी चाचणीचा उपयोग शून्य होता, हे कुठेतरी लिहिलेले दिसले पाहिजे. अभ्यासात काय काय सांगावे याची ३० मुद्द्यांची स्टार्ड यादी २०१५ पासून उपलब्ध आहे. ती भरून न आणणाऱ्या कंपनीशी पुढची बोलणी करू नयेत.

याहून खोल अडचण कसोटीच्या दगडाची आहे. ‘बहुधा आजार’ हा गट ठरवताना २०२० च्या व्याख्या पीसीआर वापरतात. तिच्याच आधारे पीसीआर तपासली तर चाचणी स्वतःलाच गुण देते. पीसीआर बाजूला काढली तर तो गट बराचसा गॅलॅक्टोमॅननवर उभा राहतो, मग गॅलॅक्टोमॅननने सोडलेला आणि पीसीआरने पकडलेला खरा रुग्णही ‘खोटा पॉझिटिव्ह’ म्हणून मोजला जातो. यावर स्वच्छ तोडगा नाही. पण सिद्ध रुग्णांचे आकडे वेगळे द्यावेत, दोन्ही प्रकारे गणित करून दाखवावे, पीसीआरचा निकाल ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांनी रुग्णाचा पुढचा प्रवास आणि मृत्यूनंतरच्या तपासणीचे निष्कर्ष पाहून निवाडा करावा, एवढे तरी करता येते.

प्रयोगशाळेच्या टेबलावरही बरेच काही ठरते, आणि किटची तुलना करणारे नेमके तेच पाहत नाहीत. पीसीआरचे मिश्रण कुणाचेही असो, त्यात किती रक्ताचा अर्क पडतो ते विचारा. समजा प्लाझ्मात, म्हणजे न गोठू दिलेल्या रक्तातल्या द्रवात, दर मिलिलिटरमागे बुरशीच्या डीएनएच्या २० प्रती आहेत. २०० मायक्रोलिटर प्लाझ्मा घेतला, डीएनए १०० मायक्रोलिटरमध्ये उतरवला आणि त्यातले ५ वापरले, तर एका नळीत १० मायक्रोलिटर प्लाझ्मा येतो: सरासरी ०.२ प्रती. काहीही वाया गेले नाही असे धरले तरी पकडण्याची शक्यता १८ टक्के. तेच १ मिलिलिटर प्लाझ्मा घेऊन ५० मायक्रोलिटरमध्ये उतरवला आणि १० वापरले, तर नळीत ४ प्रती येतात आणि शक्यता ९८ टक्क्यांवर जाते. म्हणूनच सीरम किमान अर्धा मिलिलिटर, डीएनए १०० मायक्रोलिटरहून कमी द्रावणात आणि प्रत्येक नमुन्यात अंतर्गत नियंत्रण (चाचणी नीट चालली का ते दाखवणारा सोबतचा डीएनए), अशी शिफारस आहे. सीरमपेक्षा प्लाझ्मा बरा, कारण रक्त गोठताना गुठळीत डीएनए अडकतो. बीएएल किंवा थुंकीत बुरशीच्या अखंड पेशी असतात. त्यांची कायटिन-ग्लुकनची भिंत नुसत्या रसायनांनी नीट फुटत नाही, बारीक मण्यांबरोबर घुसळावे लागते. शुद्ध डीएनए घालून किट तपासले तर ही पायरी तपासलीच जात नाही. बीएएलच्या किटसाठी खऱ्या बीएएलमध्ये मोजलेले बीजाणू घाला.

दूषितीकरण हा तर या चाचणीचा जन्माचा सोबती. अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू हवेत असतात. पेशीभिंत फोडणाऱ्या विकरांत, डीएनए काढण्याच्या किटमध्ये, कधी रक्ताच्या नळ्यांतही बुरशीचा डीएनए सापडलेला आहे. शेवटच्या पायरीला पाणी घातलेले नियंत्रण यातले काही पकडत नाही. निगेटिव्ह नियंत्रण नमुन्याच्या नळीपासून सुरू व्हायला हवे आणि नळ्यांचा किंवा अभिकर्मकांचा लॉट बदलला की पुन्हा.

औषधप्रतिकाराची चाचणी सोबत देणाऱ्या किटबद्दल एक इशारा पुरे. अ‍ॅस्परजिलसच्या राइबोसोमल जनुकाच्या प्रती डझनांनी असतात, तर अ‍ॅझोल-प्रतिकार (व्होरिकोनॅझोलसारख्या औषधांना दाद न देणे) ठरवणाऱ्या सायप-५१-ए जनुकाची एकच. म्हणून बुरशी सापडते पण प्रतिकाराच्या भागाचा निकाल येत नाही, असे वारंवार घडते. ‘प्रतिकार आढळला नाही’ आणि ‘प्रतिकार तपासता आला नाही’ ही दोन वाक्ये अहवालात वेगळी छापली गेली पाहिजेत. शिवाय किट या जनुकाशी निगडित टीआर-३४ आणि टीआर-४६ सारखे ओळखीचे बदलच शोधते. बाकीचे त्याला दिसत नाहीत.

एक आक्षेप गंभीर आहे आणि तो तळमळीने घेतला जातो: आजार इतका जीवघेणा आहे की परिपूर्ण मूल्यमापनाची वाट पाहत बसण्यापेक्षा चाचणी आणा, पॉझिटिव्ह आले की औषध द्या. म्युकरपुरते आम्ही जवळजवळ सहमत आहोत. इतरत्र नाही, कारण औषधे निरुपद्रवी नाहीत. अ‍ॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला इजा करते, व्होरिकोनॅझोल यकृताला त्रास देते आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णांच्या औषधांची रक्तातली पातळी वाढवते. त्याहून वाईट म्हणजे खोट्या पॉझिटिव्हमुळे शोध थांबतो. फुप्फुसातला तो डाग क्षयाचा किंवा नोकार्डिया या जिवाणूचा असेल तर रुग्ण चुकीच्या निदानाखाली आठवडे घालवतो. शिवाय आम्ही वाट पाहा म्हणत नाही. चाचणी वापरता वापरताच ती पारखता येते.

त्यासाठी प्रत्येक प्रयोगशाळेने सुरुवातीला एवढे तरी करावे. पकडीची किमान पातळी, म्हणजे चाचणीला भरवशाने दिसणारा सर्वांत कमी डीएनए, स्वतःच्या नमुन्यात तपासावी: त्या पातळीचे २० नमुने, त्यांतले किमान १९ पॉझिटिव्ह. बुरशीजन्य आजार नसलेल्या ६० न्युमोनिया रुग्णांचे नमुने तपासावेत. एकही पॉझिटिव्ह आला नाही तरच खोट्या पॉझिटिव्हचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आहे असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. बाहेरून येणाऱ्या गुणवत्ता-चाचणीच्या अनामिक नमुन्यांत भाग घ्यावा. आणि अहवालात फक्त ‘पॉझिटिव्ह’ लिहून सोडू नये. कोणता नमुना, किती मिलिलिटर, दोनपैकी किती नळ्यांत खूण उमटली, सीक्यू किती, रुग्ण बुरशीविरोधी औषधावर होता का, आणि पुढचा नमुना केव्हा पाठवायचा, हे सगळे एका पानात बसते.

त्या पानाच्या तळाशी एक रिकामा रकाना ठेवावा आणि तो उपचार करणाऱ्या डॉक्टरने भरून परत पाठवावा: या निकालामुळे कोणते औषध सुरू झाले, कोणते बंद झाले, की काहीच बदलले नाही. सहा महिन्यांचे रकाने एकत्र मोजून खरेदी समितीपुढे ठेवावेत, आणि पुढच्या वर्षीच्या किटची मागणी त्याच कागदाला जोडून करावी.